टी-पेशी रोखल्या गेल्या, हे ठरवायचे कसे?

प्रतिकारयंत्रणेतील काही पांढऱ्या पेशी हल्ला चढवण्याऐवजी चढलेला हल्ला आवरतात, हे पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात सांगून होते. संशोधक विद्यार्थिनी म्हणून माझ्याकडे आलेले पहिले स्वतंत्र काम हीच गोष्ट प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये दाखवून देण्याचे होते. निरोगी दात्याच्या रक्तातून नियामक टी-पेशी (टी-पेशी हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) वेगळ्या काढायच्या, त्याच दात्याच्या इतर टी-पेशींसोबत त्या ठेवायच्या आणि इतरांची वाढ त्या किती प्रमाणात रोखतात ते मोजायचे, असा हा प्रयोग. प्रयोगशाळेत या पेशींचे पूर्ण नाव कोणी घेत नाही. सगळे ‘ट्रेग’ म्हणतात, आणि प्रयोगाचा उल्लेखही नुसता ‘सप्रेशन’ एवढाच होतो.

ऐकायला काम सरळ वाटते. खरी अडचण अशी, की इथे जे मोजायचे ते घडणे नसून न घडणे असते. मारक टी-पेशीने बाधित पेशी फोडली तर फुटलेली पेशी पुरावा म्हणून हाती लागते. प्रतिपिंड जिवाणूला चिकटले तर ते चिकटलेले दाखवता येते. ट्रेगने शेजारच्या टी-पेशीला आवरले, तर त्या टी-पेशीचे विभाजन झाले नाही एवढेच आपल्याला दिसते, आणि विभाजन न होण्याची कारणे पुष्कळ असतात : पेशी मेलेली असेल, तिच्यापर्यंत उत्तेजन पोचले नसेल, गर्दीमुळे पोषकद्रव निकृष्ट झाला असेल, किंवा रंगवताना रंगाचे प्रमाण जास्त होऊन तीच अधू झाली असेल. त्यामुळे या प्रयोगातील बहुतेक श्रम ट्रेगवर खर्च होतच नाहीत. बाकीची कारणे एकेक करून बाद करण्यावर होतात.

आमचे मार्गदर्शक सर या बाबतीत इतके काटेकोर का, हे मला विषयाचा इतिहास वाचल्यावर उमगले. थायमस या टी-पेशी घडवणाऱ्या ग्रंथीतून आलेल्या काही लसिकापेशी (पांढऱ्या पेशींचा एक गट) प्रतिकाराला मदत करण्याऐवजी त्याला दाबतात, असे गर्शन आणि कोंडो यांनी उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे १९७० मध्ये मांडले. पुढची दहाएक वर्षे ‘सप्रेसर टी-पेशी’ हा विषय जोरात होता. मात्र त्या पेशी ओळखण्याची भरवशाची खूण कोणाकडेच नव्हती. आय-जे नावाच्या ज्या रेणूवर अनेकांची भिस्त होती, त्याचे जनुक गुणसूत्राच्या एका ठरावीक पट्ट्यात असले पाहिजे असा हिशेब होता. १९८३ मध्ये तो पट्टा डीएनएच्या पातळीवर तपासला गेला, तेव्हा तिथे अशा जनुकाला जागाच नाही असे निघाले. विषयाची पत एवढी घसरली, की पुढे कित्येक वर्षे ‘सप्रेसर’ हा शब्द शोधनिबंधात घालायला लोक कचरत असत. “न झालेल्या विभाजनावर इमला बांधायचा असेल, तर पाया आधी तपास,” असे सर मला म्हणाले होते, ते या संदर्भात.

शिमोन साकागुची यांनी मात्र धागा सोडला नव्हता. उंदराच्या पिलाची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर टी-पेशी कमी पडून त्याची प्रतिकारशक्ती नुसती दुबळी व्हायला हवी. प्रत्यक्षात तीच शक्ती त्याच्या स्वतःच्या अवयवांवर उलटते, हे कोडे आधीपासून माहीत होते. सीडी४ टी-पेशींपैकी, म्हणजे सीडी४ हा रेणू असलेल्या टी-पेशींपैकी, ज्यांच्या पृष्ठभागावर सीडी२५ हा रेणू आहे तेवढ्या वगळून उरलेल्या पेशी टी-पेशीविहीन उंदरांना दिल्या, तर अनेक अवयवांत स्वयंप्रतिकार विकार उद्भवतात आणि वगळलेल्या पेशी सोबत दिल्या तर ते टळतात, असे त्यांनी १९९५ मध्ये दाखवले. दुसरीकडे मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल हे ‘स्कर्फी’ नावाच्या रोगट उंदरांच्या मागे होते. हा वाण १९४० च्या दशकात अमेरिकेतील ओक रिज येथे आपोआप उद्भवला होता. त्यातील नर पिले काही आठवड्यांतच मरतात, कारण त्यांच्या टी-पेशी आवरायला कोणी नसते. बिघडलेले जनुक फॉक्सपी३ आहे आणि माणसातही त्याच जनुकातील दोषामुळे मुलग्यांना आयपेक्स हा गंभीर विकार होतो, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. दोन वर्षांनी हे दोन्ही धागे जुळले : सीडी२५ असलेल्या या पेशींना ट्रेग बनवणारे जनुक फॉक्सपी३ हेच. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते या कामासाठी.

ही माहिती मला हाताशी असूनही पहिल्याच पायरीवर एक व्यावहारिक पेच होता. फॉक्सपी३ हे ट्रेगचे सर्वांत विश्वासार्ह लक्षण खरे, पण ते प्रथिन पेशीच्या केंद्रकात असते. ते रंगवायचे तर पेशीचे आवरण रसायनाने सच्छिद्र करावे लागते, म्हणजेच पेशी मारावी लागते; आणि मेलेल्या पेशीकडून कोणाला आवरण्याची अपेक्षा करता येत नाही. त्यामुळे जिवंत ट्रेग निवडायच्या तर बाहेरच्या खुणांवरच भागवणे भाग असते.

कामाची सुरुवात रक्तापासून होते. पातळ केलेले रक्त फायकॉल या जड द्रवावर थर न मोडता सोडायचे आणि सेंट्रिफ्यूज अर्धा तास फिरवून ब्रेक न लावता आपोआप थांबू द्यायचे. ब्रेक लावला की थर ढवळतात. नळी बाहेर काढल्यावर तळाशी लाल पेशी आणि न्यूट्रोफिल, त्यांवर पारदर्शक फायकॉल, सर्वांत वर पिवळसर प्लाझ्मा, आणि फायकॉल व प्लाझ्मा यांच्या सीमेवर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचे दुधी, धूसर कडे दिसते. लसिकापेशी आणि मोनोसाइट त्या कड्यात असतात. पिपेटचे टोक नळीच्या आतल्या भिंतीला टेकवून गोलगोल फिरवत ते कडे ओढून घ्यायचे, आणि ते करताना खालचा फायकॉल फार येऊ द्यायचा नाही, कारण त्यात पेशी जास्त वेळ राहिल्या तर त्यांना ते मानवत नाही. हे काम हाताला सवय झाल्याशिवाय जमत नाही, आणि माझ्या मते लिहून शिकवताही येत नाही.

एक मिलिलिटर रक्तातून साधारण १० लाख अशा पेशी मिळतात. त्यांतील सीडी४ टी-पेशी निम्म्याहून कमी, आणि सीडी४ पेशींपैकी ट्रेग ५ ते १० टक्के. प्रत्येक पायरीवर काही पेशी वाया जातात हे धरले, तर ५० मिलिलिटर रक्तातून शेवटी काही लाख ट्रेग हाती लागल्या तरी दिवस चांगला गेला असे आम्ही समजतो. या आकड्यावरच प्लेटची आखणी ठरते. किती वेल (प्लेटमधील खळगे) भरायच्या, किती प्रमाणे तपासायची आणि कोणता नियंत्रण-प्रयोग कोणत्याही परिस्थितीत गाळायचा नाही, याचा हिशेब पेशी मोजून झाल्यावर घाईत मांडावा लागतो.

निवड करताना सीडी२५ वर विसंबणे उंदरात सोपे आहे, माणसात नाही. उंदराच्या पेशींची चमक मोजून काढलेल्या आलेखात सीडी२५ असलेल्या पेशींचा पुंजका बऱ्यापैकी वेगळा उठून दिसतो. माणसाच्या रक्तात सीडी२५ अजिबात नसलेल्या, थोडे असलेल्या आणि भरपूर असलेल्या पेशी असा पायरी नसलेला उतार असतो, आणि अधल्यामधल्या पेशींत नुकत्याच कामाला लागलेल्या साध्या टी-पेशी मिसळलेल्या असतात. सीडी१२७, म्हणजे इंटरल्युकिन-७ या संदेशवाहक प्रथिनाचा ग्राही रेणू, ट्रेगवर कमी आणि साध्या टी-पेशींवर जास्त असतो, हे २००६ मध्ये दिसून आले आणि त्याने मोठी सोय झाली. सीडी२५ भरपूर आणि सीडी१२७ कमी अशा पेशी सॉर्टर या पेशी निवडणाऱ्या यंत्राने वेगळ्या काढल्या, की शुद्धता बरीच चांगली मिळते. तरीही संगणकाच्या पडद्यावर गेटची, म्हणजे कोणत्या पेशी घ्यायच्या त्या हद्दीची, रेषा नेमकी कुठे ओढायची, हा निर्णय माणसाचाच असतो. रेषा आत सरकवली तर पेशी शुद्ध पण थोड्या मिळतात. बाहेर सरकवली तर पुष्कळ पण भेसळीच्या. मी आत सरकवण्याच्या बाजूची आहे. भेसळीतील साध्या टी-पेशी नंतर स्वतः विभागू लागतात आणि दमनाचे मापन बिघडवतात, त्यापेक्षा दोन वेल कमी भरलेल्या परवडतात.

वेगळ्या काढलेल्या पेशींतील थोड्या बाजूला काढून त्यांत फॉक्सपी३ तपासतो. ही तपासणी उत्तेजन देण्यापूर्वीच करावी लागते, कारण माणसाच्या साध्या टी-पेशीही उत्तेजित झाल्यावर काही काळ फॉक्सपी३ बनवतात आणि तरीही ट्रेग होत नाहीत. अधिक खात्री हवी असेल तर जनुकाच्या एका ठरावीक भागावरील मिथाइल खुणा (जनुक बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) तपासतात. खऱ्या, स्थिर ट्रेगमध्ये त्या पुसलेल्या असतात. इथे एक गंमत आहे : फॉक्सपी३ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे स्त्री दात्यांच्या पेशींत त्याची एक प्रत मुळातच निष्क्रिय आणि मिथाइलयुक्त असते. त्यामुळे संपूर्ण शुद्ध नमुन्यातही आकडा निम्म्याच्या आसपास येतो आणि तो दुप्पट करून वाचावा लागतो.

आता ज्यांना आवरायचे त्या पेशी. आमच्या बोलण्यात त्या ‘रिस्पाँडर’. सीडी२५ नसलेल्या साध्या सीडी४ पेशी. त्यांना सीएफएसई हा रंग देतात. हा रंग पेशीत शिरतो, आतील विकरांनी त्याचे रूप बदलले की प्रथिनांना कायमचा जोडला जातो, आणि पेशी विभागली की दोन्ही कन्यापेशींत निम्मा निम्मा वाटला जातो. म्हणजे प्रत्येक विभाजनागणिक चमक अर्धी होते, आणि चमक मोजून ती पेशी किती पिढ्या पुढे गेली हे सांगता येते. रंग कमी पडला तर पिढ्या एकमेकींत मिसळतात. जास्त झाला तर तो पेशींना घातक ठरतो. काही मिनिटांत रंगवण्याचे काम आटोपून लगेच सीरमयुक्त माध्यम ओतायचे, म्हणजे उरलासुरला रंग त्यातील प्रथिने शोषून घेतात. ट्रेगना निराळा रंग देतो, म्हणजे शेवटी कोणती पेशी कोणाची हा प्रश्न उरत नाही.

प्लेट ९६ वेलची आणि गोल बुडाची. बूड गोल असले की पेशी मधोमध गोळा होतात आणि एकमेकींना भिडतात. प्रत्येक वेलमध्ये रिस्पाँडरची संख्या कायम ठेवून ट्रेग निम्म्या निम्म्या करत न्यायच्या : एकास एक, दोनास एक, चारास एक, असे पुढे. कडेच्या वेलमधील पाणी लवकर उडते, म्हणून त्यांत पेशी न घालता नुसता बफर भरायचा. उत्तेजनासाठी टी-पेशीवरील सीडी३ आणि सीडी२८ या रेणूंविरुद्धची प्रतिपिंडे बसवलेले बीड्स (सूक्ष्म मणी) घालायचे, आणि प्लेट ३७ अंश सेल्सियस व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इनक्युबेटरमध्ये साधारण चार दिवस ठेवायची.

या बीड्सनी मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. त्यांचे प्रमाण जास्त ठेवले तर उत्तेजन एवढे जोरदार होते, की ट्रेग कितीही घातल्या तरी रिस्पाँडर विभागतच राहतात. फारच कमी ठेवले तर ट्रेगशिवायच विभाजन मंदावते. म्हणजे दमन ‘दिसते’ अशी मधली जागा आधी शोधावी लागते, आणि एका अर्थाने प्रयोगाचे उत्तर प्रयोगाआधीच थोडेसे ठरून जाते. दुसरी मेख अधिक बारीक आहे. ट्रेगवरही सीडी३ असतेच, त्यामुळे त्याही बीड्सना चिकटतात. वेलमध्ये ट्रेग घातल्या की प्रत्येक रिस्पाँडरच्या वाट्याला येणारे बीड्स कमी होतात आणि विभाजन घटते. यात आवरणे असे काहीच घडलेले नसते. एकंदर पेशी वाढल्यामुळे पोषकद्रव लवकर वापरला जातो, तोही परिणाम यातच मिसळतो.

यावर उपाय म्हणून एक समांतर ओळ लावतो. तीत ट्रेगच्या जागी तेवढ्याच संख्येने साध्या टी-पेशी, सीएफएसई न दिलेल्या, घालतो. त्याही जागा अडवतात, बीड्सना चिकटतात, द्रव वापरतात. या ओळीत रिस्पाँडरचे विभाजन जितके घटते तितके गर्दीचे. ट्रेगच्या ओळीत त्याहून जास्त जे घटते तेवढेच ट्रेगच्या नावावर. ही तुलनाही पूर्ण निर्दोष नाही, कारण साध्या टी-पेशी स्वतः इंटरल्युकिन-२ बनवून शेजाऱ्यांना उलट मदत करतात आणि ट्रेग ते बनवत नाहीत. तरीही या ओळीशिवाय काढलेला दमनाचा टक्का मी आता गांभीर्याने वाचत नाही. याखेरीज उत्तेजन न दिलेले रिस्पाँडर, उत्तेजन दिलेले एकटे रिस्पाँडर आणि उत्तेजन दिलेल्या एकट्या ट्रेग अशा वेल असतातच. शेवटच्या वेलमध्ये विभाजन जवळजवळ दिसत नाही, कारण बाहेरून इंटरल्युकिन-२ मिळाल्याशिवाय ट्रेग प्लेटमध्ये वाढत नाहीत. तिथे वाढ दिसली तर निवडीत भेसळ झाली असे समजायचे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून प्लेट पाहणे सक्तीचे नाही, पण मी पाहते. एकट्या रिस्पाँडरच्या वेलमध्ये फुगलेल्या पेशींचे घट्ट, खडबडीत कडांचे पुंजके दिसतात आणि माध्यमाचा गुलाबी रंग पिवळटपणाकडे झुकलेला असतो. एकास एक ट्रेग असलेल्या वेलमध्ये पेशी दुप्पट घातलेल्या असूनही पुंजके लहान आणि विरळ असतात. मोजमाप म्हणून याला किंमत नाही. पण चौथ्या दिवशी फ्लो सायटोमीटरच्या (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर आलेख येतो तेव्हा बहुधा आश्चर्य वाटत नाही. एकट्या रिस्पाँडरमध्ये चमकीची चार-पाच शिखरे उजवीकडून डावीकडे ओळीने उतरत जातात, दर शिखर आधीच्याच्या निम्म्या चमकीवर. ट्रेग घातलेल्या वेलमध्ये बराचसा भार उजवीकडच्या पहिल्या, न विभागलेल्या शिखरावर थांबून राहतो. मृत पेशींचा रंग वेगळा दिलेला असतो, त्यामुळे थांबलेल्या त्या पेशी जिवंत आहेत की नाहीत हे त्याच वेळी तपासता येते. ट्रेगचे प्रमाण निम्म्या निम्म्याने घटत गेले, की शिखरे पायरीपायरीने डावीकडे सरकत परत येतात. एका प्रमाणावरचा टक्का योगायोगाने येऊ शकतो. असा सलग उतार योगायोगाने येत नाही.

दमन झाले, इथपर्यंत आल्यावर ते कशाने झाले हा प्रश्न उरतो, आणि तिथे प्लेटच्या मर्यादा उघड होतात. ट्रेगवरील सीडी२५ हा इंटरल्युकिन-२ च्या ग्राहीचा भाग आहे. ट्रेग स्वतः ते बनवत नाहीत पण भरपूर शोषून घेतात, त्यामुळे शेजारच्या टी-पेशींना वाढीसाठी लागणारा हा संदेश कमी पडतो. बाहेरून इंटरल्युकिन-२ घातले तेव्हा आमच्या प्लेटमधील दमन बरेचसे मावळले. मात्र तेवढ्यावरून सर्व काही शोषणानेच घडते असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण ते घातल्याने ट्रेगही वाढू लागतात आणि समीकरणाच्या दोन्ही बाजू हलतात. छिद्रयुक्त पडद्याच्या वर ट्रेग आणि खाली रिस्पाँडर ठेवले, दोन्हीकडे उत्तेजन दिले, तेव्हा दमन जवळपास नाहीसे झाले. पेशींचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो, हा निष्कर्ष १९९८ मध्येच उंदरांच्या पेशींवर निघाला होता, त्याच्याशी हे जुळले.

स्पर्शाने काय होते, हे पाहायला बीड्स उपयोगाचे नाहीत. ट्रेगवरील सीटीएलए-४ हा रेणू प्रतिजन (प्रतिकाराला चेतवणारा अंश) सादर करणाऱ्या पेशींवरील सीडी८० आणि सीडी८६ यांना पकडतो आणि चक्क ओढून ट्रेगच्या आत नेतो. टी-पेशीला जागे करायला हेच दोन रेणू लागतात. बीड्सवर ते नसतातच, म्हणजे बीड्सच्या प्लेटमध्ये ट्रेगचे हे हत्यार निरुपयोगी ठरते आणि तरीही दमन दिसते. बीड्सऐवजी प्रतिजन सादर करणाऱ्या डेन्ड्रायटिक पेशी वापरल्या, तेव्हा ट्रेगच्या सहवासानंतर त्या पेशींवरील सीडी८६ ची चमक स्पष्टपणे उतरलेली मिळाली. मला या सगळ्या कामात सर्वांत समाधान देणारे मापन हेच वाटते, कारण इथे न घडणे मोजावे लागत नाही. काढून नेलेला रेणू खरोखर कमी झालेला दिसतो.

इंटरल्युकिन-१० ची गोष्ट नेमकी उलटी आहे. प्लेटमध्ये त्याविरुद्ध प्रतिपिंड घालून फारसा फरक पडत नाही, आणि एवढ्यावर थांबले तर ते ट्रेगच्या कामाचे नाही असे वाटेल. पण ज्या उंदरांत फक्त ट्रेगमधूनच इंटरल्युकिन-१० काढून टाकले, त्यांना मोठ्या आतड्याचा दाह होतो. आतड्यातील असंख्य जिवाणूंच्या शेजारी जे लागते ते चार दिवसांच्या स्वच्छ प्लेटमध्ये लागत नाही, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून आमच्या वहीत आता ‘अमुक टक्के दमन’ अशी एकटी नोंद केली जात नाही. उत्तेजन बीड्सचे की पेशींचे, दर पेशीमागे बीड्स किती, गर्दीच्या ओळीत विभाजन किती घटले, दाता कोण्या वयाचा आणि स्त्री की पुरुष, हे सर्व त्याच पानावर लिहितो. आणि दोन दात्यांची तुलना करायची तर दोघांच्या पेशी त्याच दिवशी, त्याच प्लेटवर लावतो.